टेम्पो गल्लीत शिरत नाही म्हणून लाकडातला धागा सुटतो

मागच्या महिन्यात भाचा घरी आला, इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे, आणि आल्या आल्या बॅगेतून एक छोटी काचेची बाटली काढून माझ्या नाकासमोर उलटी धरली. आतलं काही पडेना. डोक्याला लावायचं जेल असतंय ना तसलं काहीतरी, पारदर्शक, पलीकडं भिंतीवरचं कॅलेंडर दिसत होतं.

"मामा, ओळखा बघू काय हाय."

"जेल हाय. दुसरं काय."

"लाकूड हाय लाकूड! दोन टक्के लाकूड आणि अठ्ठ्याण्णव टक्के पाणी. आमच्या लॅबमध्ये करूलालोय."

मी पीयूसीच्या, म्हणजे अकरावी-बारावीच्या, पोरांना केमिस्ट्री शिकवतो, त्यामुळं असल्या गोष्टीत मला गप्प बसवत नाही, अर्धं त्याच्याकडनं ऐकलं, अर्धं मागनं वाचत बसलो, आणि जसजसं कळत गेलं तसतसं वाटायला लागलं की अरे हे तर आमच्या बेळगावातल्या शहापूरच्या विणकरांच्या भाषेत सांगता येतंय, कारण मामला शेवटी धाग्याचाच आहे. या वस्तूला नॅनोसेल्युलोज म्हणतात. नाव ऐकलं की वाटतं शास्त्रज्ञांनी काहीतरी नवीन बारीक धागा तयार केला असणार. तर तसं नाही. धागा झाडानं आधीच कातून ठेवलेला असतो, माणसानं फक्त तो न तोडता सोडवायची युक्ती शोधली, आणि ती युक्ती लई भारी आहे.

आमच्या घरी माग होते. ताण्याच्या सुताला आधी खळ द्यायची असते, म्हणजे पिठाची पातळ पेज, ती वाळली की सूत कडक होतं आणि मागावर तुटत नाही. आता गंमत बघा, सूत म्हणजे कापूस म्हणजे सेल्युलोज, आणि खळ म्हणजे स्टार्च, आणि दोन्ही एकाच मण्यापासून बनत्यात, ग्लुकोजपासून. फरक फक्त मणी ओवायच्या पद्धतीत. स्टार्चमध्ये सगळे मणी एकाच बाजूला तोंड करून, त्यामुळं साखळी स्प्रिंगसारखी वळते आणि गरम पाण्यात फुगून पेज होते. सेल्युलोजमध्ये एक मणी सुलटा, पुढचा उलटा, परत सुलटा, त्यामुळं साखळी दोरी ताणल्यासारखी सरळ राहते आणि सरळ साखळ्या एकमेकींना घट्ट बिलगून बसतात, म्हणून पेज आपल्याला पचते आणि धोतर पचत नाही. हे उलटं-सुलटं प्रकरण जरा डोक्यात ठेवा, पुढं लागणार आहे. (सेल्युलोज हा पदार्थ झाडातून पहिल्यांदा वेगळा काढला तो फ्रान्सच्या आन्सेल्म पायां या केमिस्टनं, १८३८ साली.)

झाडाच्या पेशीत असल्या दोन-तीन डझन साखळ्या एकदम कातल्या जातात आणि त्यांचा मिळून एक धागा होतो, जाडी फक्त ३ ते ४ नॅनोमीटर. आपल्या डोक्याच्या एका केसाच्या जाडीत असले वीसेक हजार धागे शेजारी शेजारी मांडता येतील. मी एकदा वहीत हिशोब केला, एक ग्रॅम सेल्युलोजमधले असले सगळे धागे टोकाला टोक लावून ताणले तर लांबी किती, तर उत्तर आलं सात-आठ कोटी किलोमीटर, म्हणजे सूर्यापर्यंतच्या वाटेच्या निम्मं अंतर. दोनदा तपासलं, बरोबर आहे. आणि हा धागा नुसता बारीक नाही, आतल्या साखळ्या स्फटिकासारख्या शिस्तीत बसलेल्या असल्यामुळं ताकदीला स्टीलपेक्षा वरचढ आणि वजनाला त्याच्या पाचवा हिस्सा.

मग एवढा भारी धागा लाकडात पडून आहे तर काढून का घेत नाहीत? कारण सगळं चिकटलेलं असतं. लाकडात सेल्युलोज ४० ते ४५ टक्के, आणि बाकी लिग्निन नावाचा डिंक आणि हेमिसेल्युलोज नावाची भरताड. लिग्निन काढायचं काम कागद गिरण्या शंभर वर्षांहून जास्त काळ करत आल्यात, आपल्याला जवळची म्हणजे दांडेलीची, खानापूरच्या पलीकडं, १९५५ ची. आधी जंगलातला बांबू, आता निलगिरी, सुबाभूळ, सुरू असली लाकडं. लाकडाचे तुकडे कॉस्टिक सोडा आणि सोडियम सल्फाइडच्या पाण्यात १६०-१७० अंशावर दाबाखाली शिजवायचे, डिंक विरघळून काळं पाणी होतं, आणि उरतो लगदा, जो ब्लीच करून पांढरा करतात. पण लगद्यातला एक तंतू म्हणजे अजून दोरखंडच, साधारण एक मिलिमीटर लांब आणि वीसेक मायक्रॉन रुंद, आणि त्यात लाखांनी नॅनो धागे हायड्रोजन बाँडनं एकमेकांना धरून बसलेले. एकेक बाँड कमजोर, पण लाखो करोडो मिळून कुणाच्या बापाला सुटायचे नाहीत.

पहिला उपाय अर्थातच दांडगाईचा. अमेरिकेत अल्बिन टर्बाक आणि त्यांच्या सोबत्यांनी लगदा दुधाच्या होमोजिनायझरमधनं काढला, म्हणजे डेअरीत मलई फोडायला वापरतात ते मशीन, प्रचंड दाबानं बारीक फटीतून ढकलायचं, परत ढकलायचं, परत परत. १९८३ ला त्यांनी ते छापलं. जेल झाली, पण धागे पूर्ण सुटले नाहीत, जुड्या जुड्या राहिल्या, मशीन तुंबायचं, आणि वीज इतकी खायचं की टनाला २७ हजार युनिटपर्यंतचे आकडे वाचायला मिळतात. म्हणजे किलोला २७ युनिट. महिन्याला शंभर युनिट जळणाऱ्या घराची अख्खी वीज चार किलो लगद्यात खलास. पुढं बरीच वर्षं कुणी फारसं हात लावलं नाही यात काही नवल नाही.

आता येतो आपला हिरो. त्याचं पूर्ण नाव टेट्रामिथाइल-पिपरिडीन-ऑक्सिल वगैरे वगैरे, लालसर नारिंगी स्फटिक असतात, आणि आद्याक्षरं जोडून जगभर सगळे त्याला टेम्पो म्हणतात. भाच्यानं "मग लगद्यात टेम्पो घालतो" म्हटल्यावर स्वयंपाकघरातनं बायकोनं विचारलं, कुणाचा टेम्पो? हसलो सगळे, पण नंतर विचार करता करता लक्षात आलं की हे उदाहरण नुसतं बसत नाही, चपखल बसतंय. तर चला टेम्पो धरूनच पुढं.

टेम्पो स्वतः मालक नाही, माल वाहतो. रिकामा टेम्पो लगद्याला काही करत नाही. त्यात माल भरला, म्हणजे त्याचा एक इलेक्ट्रॉन काढून घेतला, की तो ऑक्सिडेशन करायला तयार होतो. माल येतो गोदामातनं, आणि गोदाम म्हणजे सोडियम हायपोक्लोराइट, म्हणजे फरशी-बाथरूमला वापरतो ते ब्लीच. पण गोदामातनं टेम्पोत माल चढवायला हमाल पाहिजे, नाहीतर फार हळू चालतं, तो हमाल म्हणजे सोडियम ब्रोमाइड. ब्लीच ब्रोमाइडला हायपोब्रोमाइट करतं, हायपोब्रोमाइट टेम्पो भरतं, टेम्पो लगद्यावर जाऊन माल उतरवतो आणि रिकामा होऊन परत येतो, परत भरतो. टेम्पो संपत नाही, हमाल संपत नाही, संपतं ते फक्त गोदाम. केमिस्ट्रीत याला कॅटॅलिस्ट म्हणतात, पण मी आता वर्गात पोरांना टेम्पोच सांगतो.

उतरवतो कुठं हे खरं महत्त्वाचं. ग्लुकोजच्या प्रत्येक मण्याला सेल्युलोजमध्ये तीन ओएच असतात, म्हणजे ऑक्सिजन-हायड्रोजनच्या जोड्या. दोन अंगाला चिकटून, आणि एक, सहाव्या कार्बनवरचं, हात बाहेर काढल्यासारखं. आता टेम्पोच्या अंगावर चार मिथाइल गट बसवलेत, मोठ्या बॉडीची गाडी, त्यामुळं अडचणीतल्या दोन ओएचपर्यंत ती पोचतच नाही, फक्त रस्त्याकडंला हात काढून बसलेल्या सहाव्याला माल देते. एका दुकानाला दोन खेपा, पहिल्या खेपेत ओएचचं अल्डिहाइड होतं, दुसऱ्या खेपेत कार्बोक्झिल, म्हणजे आम्लाचा गट. आणि दुसरी गोष्ट त्याहून मजेदार. साखळ्या एकमेकींना इतक्या चिकटून बसल्यात की धाग्याच्या आत जायला वाट नाही, खडेबाजारच्या आतल्या बोळात सणासुदीला गाडी घालून बघा म्हणजे कळेल. त्यामुळं टेम्पो बाहेरच्या रस्त्यानंच फिरतो, फक्त धाग्याच्या पृष्ठभागावर. आणि बाहेरच्या साखळीतसुद्धा, ते उलटं-सुलटं आठवा, एका मण्याचा हात रस्त्याकडं असतो तर पुढच्याचा आत भिंतीकडं. म्हणजे पृष्ठभागावर एक सोडून एक, एक सोडून एक असाच माल उतरतो. इतकी शिस्त आमच्या मागावरच्या डिझाईनमध्येपण नसायची.

आतला गाभा मात्र जसाच्या तसा, एक्स-रे काढून बघितलं तर स्फटिकपणात फरक पडलेला दिसत नाही. एवढं ब्लीच, एवढा कॉस्टिक सोसूनसुद्धा. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात तसलंच, फक्त इथं तो पीळच आपल्याला पाहिजे असतो, कारण सगळी ताकद त्यात आहे.

हे नैसर्गिक सेल्युलोजलाच लागू बरं का. व्हिस्कोस घेतलं, म्हणजे रेयॉन, ज्याच्यासाठी लगदा आपल्याच कर्नाटकात हरिहरजवळ कुमारपट्टणमला बनतो, ते आधी विरघळवून परत धागा केलेलं असतं, त्यात साखळ्या सैल बसलेल्या, सगळ्या गल्ल्या रुंद. तिथं टेम्पो आतपर्यंत शिरतो, एकही मणी सोडत नाही, आणि अख्खा धागा पाण्यात विरघळून जातो. टोकियो युनिव्हर्सिटीचे अकिरा इसोगाई हे १९९८ पासून बघत होते. त्याच्याही आधी, १९९५ ला, नेदरलँड्समध्ये स्टार्चवर हाच टेम्पो चालवून झाला होता. म्हणजे आधी खळ आणि मग सूत, आमच्या मागासारखंच! मग २००६ साली इसोगाई, त्सुगुयुकी साइतो आणि त्यांच्या बरोबरच्यांनी दाखवलं की लाकडाच्या लगद्यावर टेम्पो चालवला आणि मग पाण्यात घुसळलं तर एकेक धागा सुट्टा होतो. त्याबद्दल २०१५ चं मार्कस वॉलनबर्ग बक्षीस इसोगाई, साइतो आणि योशिहारू निशियामा या तिघांना मिळालं, लाकूड आणि जंगल या विषयातलं ते मोठं बक्षीस आहे.

पण का सुटतो? इथं आमच्या गावाकडची भाऊबंदकी आठवा. कार्बोक्झिलला कॉस्टिक मिळालं की त्याच्यावर निगेटिव्ह चार्ज येतो. आता प्रत्येक धाग्याच्या अंगावर बाहेरून सगळीकडं निगेटिव्ह, शेजारच्यावरपण निगेटिव्ह, कालपर्यंत एका भिंतीला पाठ लावून बसलेले भाऊ आज एकमेकांचं तोंड बघेनात. मध्ये पाणी शिरतं, हायड्रोजन बाँड ढिले पडतात, आणि मग फक्त थोडा धक्का द्यायचा बाकी राहतो. बळजबरीनं फाडायचं नाही, भांडण लावून द्यायचं, वाटण्या आपोआप होत्यात.

लॅबमध्ये भाचा हे असं करतो. एक ग्रॅम लगदा १०० मिली पाण्यात, त्यात टेम्पो फक्त १६ मिलिग्रॅम आणि सोडियम ब्रोमाइड १०० मिलिग्रॅम, मग ब्लीच घालत जायचं आणि पीएच १० वर धरून ठेवायचा. यातलं पीएच सांभाळणं हेच खरं काम. कार्बोक्झिल बनत जातं तसं ते आम्ल असल्यामुळं पीएच खाली यायला लागतो, की लगेच थेंब थेंब कॉस्टिक घालायचं, परत खाली, परत कॉस्टिक, दोन-तीन तास मीटरकडं डोळे लावून बसायचं, दूध उतू जाऊ नये म्हणून बसतो तसं. पीएच हलायचा बंद झाला की समजायचं सगळी दुकानं भरली. मग थोडं इथेनॉल घालून उरलेलं ब्लीच मारून टाकायचं आणि लगदा धुवून घ्यायचा. फार वेळ पीएच १० वर ठेवलं तर साखळ्या अधनंमधनं तुटायला लागत्यात आणि धागा आखूड होतो, त्यासाठी जवळपास न्यूट्रल पीएचवर दुसरं ब्लीच, सोडियम क्लोराइट, वापरायची पद्धतपण आहे, धागा लांब राहतो पण वेळ फार खाते.

आणि धुवून झाल्यावर बघितलं तर काय, तसाच पांढरा लगदा! पहिल्यांदा भाच्याला वाटलं की फसलं. काही बदललेलं दिसतच नाही. मग ते मिक्सरसारख्या घुसळणीत घातलं, नंतर अल्ट्रासॉनिकचा दांडा बुडवला, आणि काही मिनिटांत दुधट पाणी निवळत निवळत आरपार दिसायला लागलं. पारदर्शक का, तर धागे प्रकाशाच्या लाटेपेक्षा शंभर पटीनं बारीक झाले, प्रकाशाला अडवायला काही उरलंच नाही. कागद पांढरा दिसतो तो त्यातल्या जाड तंतूंमुळं आणि मधल्या हवेमुळं, सेल्युलोजला स्वतःचा रंग नाहीच. याच जेलमध्ये लिंबू पिळलं तर ती लगेच गोळा होत्या, कारण आम्लानं चार्ज जातो, भांडण मिटतं आणि भाऊ परत एकत्र. मिठानंपण तसंच होतं.

(हे घरी करायला जाऊ नका. ब्लीच आणि संडास साफ करायचं ॲसिड चुकून एकत्र झालं तरी क्लोरीन वायू सुटतो, बंद बाथरूममध्ये जीवावर बेततंय.)

या जेलचा एक गुण दह्यासारखा आहे. नुसतं ठेवलं तर घट्ट, ढवळलं की पातळ, थांबलं की परत घट्ट, आणि दह्याला ते शेवटचं जमत नाही, हिला जमतं. म्हणून जपानमध्ये मित्सुबिशी पेन्सिलनं जेल पेनच्या शाईत घातलं, लिहिताना गोळी फिरते तिथं शाई पातळ होते, कागदावर पडल्यावर पसरत नाही. निप्पॉन पेपर कंपनीनं वयस्कर लोकांच्या डायपरमध्ये वापरलं, कार्बोक्झिलवर वास घालवणारे धातूचे आयन धरून ठेवता येतात म्हणून, आणि २०१७ ला इशिनोमाकीच्या गिरणीत वर्षाला ५०० टन करणारा प्लांट चालू केला. पातळ फिल्म केली तर कोरड्या हवेत ऑक्सिजन जवळजवळ अडवते, खाण्याच्या पाकिटांना उपयोगी, पण हवा दमट झाली की ताकद कमी, म्हणजे आपल्या जुलै महिन्यात, खानापूरच्या पावसात, तिचं काय होईल ते देवच जाणे.

आता आपल्याकडच्यांच्या डोक्यात पहिला प्रश्न येणार तो उसाचा. आमच्या शेजारचे एक काका, अथणीकडं त्यांचा ऊस आहे, सगळं ऐकून म्हणाले, "मग चिपाड कशाला जाळूलालेत कारखानेवाले, हे करा म्हणावं की." प्रश्न बरोबर आहे. चिपाडात सेल्युलोज लाकडाइतकंच असतं, त्याचा लगदा होतो, कागद होतो, आणि टेम्पो त्याच्यावरपण चालतो. मधला भुसभुशीत गर आधी काढावा लागतो, आणि कारखाने जाळतात तेपण फुकट नाही, त्याच्यावरच बॉयलर चालतो आणि वीज होते. पण माझी अडचण वेगळी आहे. हिशोब करून बघा. एक किलो लगद्याला साधारण ५ मोल ब्लीच लागतं, म्हणजे शुद्ध हायपोक्लोराइट ३७० ग्रॅमच्या आसपास, बाजारात मिळणारं पाच टक्क्यांचं घेतलं तर सात-साडेसात लिटर. वापरून झाल्यावर त्याचं मीठ होतं, साधं खायचंच मीठ, किलोमागं २९० ग्रॅम. वर ब्रोमाइड, वर १६ ग्रॅम टेम्पो जो स्वस्त नाही आणि पाण्यातनं परत गोळा करावा लागतो. बादलीत ठीक आहे, टनानं करायला लागलात तर ते खारट पाणी घटप्रभेत सोडणार काय? व्हॉट्सॲपवर "कचऱ्यातून सोनं" म्हणून फिरवणाऱ्यांनी हा आकडापण फिरवावा.

आणि मिठापेक्षा मोठी डोकेदुखी म्हणजे पाणी. दोन टक्क्यांची जेल म्हणजे एक टन जेलमध्ये खरा माल वीस किलो. बाकीचे ९८० किलो पाणी ट्रकमध्ये घालून गावोगाव फिरवायचं. वाळवून न्यायचं म्हटलं तर आमच्या आईच्या शेवया आठवा. उन्हाळ्यात ओल्या शेवया काठीवर सुट्ट्या सुट्ट्या टाकायच्या, एकीवर एक पडली आणि तशीच वाळली की गठ्ठा, मग पाण्यात घाला नाहीतर दुधात घाला, सुट्टी होत नाही. नॅनो धाग्याचं तसंच, पाणी उडालं की मधली जागा गेली, धागे परत जवळ आले, हायड्रोजन बाँड परत जागच्या जागी. म्हणून सुरुवातीलाच कधी न वाळवलेला ओला लगदा मिळाला तर काम सोपं जातं, आणि म्हणूनच असला प्लांट कागद गिरणीच्या आवारात काढलेला बरा पडतो.

भाच्याची ती बाटली माझ्या खिडकीत राहिली होती, झाकण नीट लागलं नव्हतं. महिन्याभरानं बघितली तर जेल गायब, तळाला सेलोफेनच्या कागदासारखा एक चकचकीत पापुद्रा. पाणी घालून रात्रभर ठेवली, सकाळी हलवून बघितली. पापुद्रा फुगला होता, मऊ झाला होता, पण सुटला नव्हता.